डबा शेपूट का हलवतो?

माझी नजर घारीची आहे, कान सशाचे, नाक शिकारी कुत्र्याचं आणि स्मरणशक्ती हत्तीची. हे सगळं एकत्र करून जो प्राणी तयार होतो त्याच्याकडे पाहून माझी बायको म्हणते, "अहो, दूध आणायला गेला होतात ना? मग दूध कुठाय?"

थोर माणसांना घरातून पाठिंबा मिळत नाही. मला तर घराबाहेरूनही मिळत नाही, पण त्याने माझ्या कार्यात खंड पडलेला नाही.

मी खाजगी गुप्तहेर आहे. इतका खाजगी, की हे बहुतेकांना ठाऊकच नाही. आणि इतका गुप्त, की ज्यांना ठाऊक आहे तेही विसरून जातात. निवृत्त होईपर्यंत मी वजनमापे निरीक्षक होतो. दुकानदारांचे तराजू तपासायचे, पारड्याखाली चिकटवलेलं शिसं नाहीतर मेण शोधून काढायचं, हे माझं काम. माझं पाऊल बाजारात पडलं की पारडी आपोआप सरळ होत. पाठ फिरली की पुन्हा वाकडी होत, हे मला निरोप समारंभात एका किराणावाल्याने फार प्रेमाने सांगितलं. त्याच समारंभात कार्यालयाने मला लोखंडी वजनांचा एक जाडजूड संच भेट दिला. तो मी प्रत्येक प्रवासात बरोबर नेतो. गुन्ह्याच्या जागी कधी काय तोलायची वेळ येईल, सांगता येत नाही. अजून आलेली नाही.

आजवर किती प्रकरणं हाताळली, तो आकडा मी जाहीर करत नाही. केला की लोक लगेच विचारतात, सुटली किती. शेजाऱ्यांच्या हरवलेल्या चपलेचं तेवढं सांगतो. तिचा माग काढत मी सगळी सोसायटी पालथी घातली. चप्पल माझ्याच पायात होती. गुन्ह्याच्या इतक्या जवळ राहून तपास करणारा दुसरा गुप्तहेर दाखवा.

पण आज सांगायचंय ते डब्याचं प्रकरण.

डबा माझ्या साडूचा. साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, चष्म्याचा दुकानदार आहे. शांत, नीटनेटका माणूस. दर भेटीत मला म्हणतो, "दादा, एकदा डोळे तपासून घ्या." मी सांगतो, गुप्तहेर डोळ्यांनी बघत नाही, बुद्धीने बघतो. तो म्हणतो, "म्हणूनच म्हणतोय."

या साडूने हौसेने चाकांवरचं घर घेतलं. दोन चाकं, पत्र्याच्या भिंती, पडदे लावलेल्या खिडक्या. गाडीच्या मागे एक लोखंडी गोळा असतो, त्यावर घराची लांब मान अडकवायची, आणि गाडी जाईल तिकडे घर निघालं. आत पुढच्या बाजूला एक अरुंद पलंग, मधोमध चाकांच्या वर शेगडी आणि बेसिन, आणि अगदी मागे, शेपटाकडे, फळी उचलून आत सामान ठेवता येईल असा पेटीसारखा रुंद पलंग. सगळे त्या घराला डबा म्हणत. "तुमचा जीव माझ्यावर जास्त की डब्यावर?" असं माझी मेहुणी नवऱ्याला अधूनमधून विचारत असे. तो उत्तर देण्याआधी विचार करत असे, हीच तिची तक्रार होती.

त्या खेपेचा प्रवास होता सासूबाईंसाठी. त्यांची एकच मोठी बहीण, आमच्या बायकांची मावशी. दोघींचं बोलणं कैक वर्षं बंद होतं. का, असं विचारलं तर आई म्हणायच्या, "जाऊ दे," आणि हातातलं भांडं जरा जास्तच घासायच्या. आता मावशी घर आवरून समुद्रापलीकडे मुलाकडे कायमची राहायला निघाली होती. शनिवारी सकाळी विमान. ही बातमी कानावर आली त्या दिवशी आई भाजीत मीठ घालायला विसरल्या. दुसऱ्या दिवशी दोनदा घातलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मला तिला भेटायचंय."

आईंची पाठ दुखरी. तासाभराने आडवं व्हावं लागतं, परक्या गादीवर झोप नाही. म्हणून डबा. साडू दुकान बंद ठेवून तयार झाला, दोघी बहिणी तयार झाल्या, आणि वाटेत काही गूढ घडलंच तर असावा म्हणून मला घेतलं. म्हणजे मी तसं समजलो. बायकोचं म्हणणं होतं, "यांना एकट्याला घरी ठेवता येत नाही."

गुरुवारी सकाळी सामान भरलं. आईंनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "जावईबापू, माझ्या खोलीत रजयांची दोन गाठोडी आहेत. तेवढी मागच्या पलंगाच्या पेटीत ठेवा. मुलींना सांगू नका, उगाच म्हणतील एवढ्या रजया कशाला."

पहिलं गाठोडं उचलताना माझ्या कमरेतून कट्ट असा आवाज आला. दुसरं मी अक्षरशः ओढत नेलं. ते दाराला लागून खणखणलं. सामान्य माणूस इथे चक्रावला असता. मी ताबडतोब निष्कर्ष काढला: जुन्या काळचा कापूस. पूर्वी सगळ्याच गोष्टी भक्कम असत.

शहर सुटलं, रस्ता रुंद झाला. साडूने वेग वाढवला. मी त्याच्या शेजारी बसलो होतो, मागे आई मधे आणि दोन्ही बाजूंना दोघी लेकी. एका लांब उतारावर गाडी जरा पळू लागली आणि आरशात मला डबा शेपूट हलवताना दिसला. आधी हळूच, मालकाला ओळखल्यासारखा. मग जोरात, मालकाने बिस्कीट दाखवल्यासारखा. पुढच्याच क्षणी तो शेपूट हलवायचं सोडून आम्हाला हलवायला लागला. गाडीची मागची बाजू डावीकडे खेचली गेली, मग उजवीकडे. मेहुणी किंचाळली. बायकोने आईंना घट्ट धरलं. साडूने एक्सिलरेटरवरचा पाय काढला, स्टिअरिंग नुसतं धरून ठेवलं, आणि वेग उतरला तसा डबा एकदाचा सरळ झाला. मी या सगळ्यात अत्यंत थंड डोक्याने डोळे मिटून बसलो होतो.

गाडी कडेला थांबली. साडू अजून स्टिअरिंग धरूनच होता. आईंच्या ओठांचा रंग गेला होता.

मी खाली उतरलो, डब्याभोवती एक फेरी मारली आणि चौकशी सुरू केली. पहिली संशयित मेहुणी.

"डबा हलला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"तुमच्या मागे, भाऊजी. तुमच्या सीटला गुडघे टेकून."

"साक्षीदार?"

"तुम्ही!"

ही अडचण मला आधीच ओळखायला हवी होती. सगळे संशयित गुन्ह्याच्या वेळी गुप्तहेराबरोबर एकाच गाडीत होते. असं प्रकरण जगात दुसरं नसेल.

बायको डब्याच्या मागच्या बाजूला उभी राहून चाकांकडे बघत होती. "अहो, मला काय वाटतं–"

"थांब," मी म्हणालो. "विचारांची साखळी तुटते." मग सगळ्यांना समोर घेऊन मी पहिला सिद्धांत मांडला. "शेपूट हलतं, कारण ते हलकं असतं. वाऱ्याने कागद उडतो, दगड उडत नाही. डब्याची मागची बाजू हलकी आहे. तिच्यावर वजन ठेवलं की ती जमिनीला चिकटून बसेल. वजन या विषयात माझ्यापुढे कुणी बोलू नये."

कुणी बोललं नाही. साडूने फक्त चष्मा पुसला.

पुढच्या पेट्रोल पंपावर मी पाण्याचे चार मोठे कॅन भरून घेतले आणि मागच्या पलंगाच्या फळीवर रांगेने मांडले. त्यांच्या शेजारी माझा वजनांचा संच ठेवला, एकावर एक.

"तिथे नको हो, जावईबापू," आई दारातून म्हणाल्या. चेहरा चिंतेत.

"का नको?"

त्या घुटमळल्या. "माझ्या... रजया भिजतील."

"झाकणं पक्की आहेत, आई. माझ्या तपासासारखी. एक थेंब बाहेर येणार नाही."

आईंनी पलंगाकडे एकदा पाहिलं आणि सुस्कारा सोडला. त्या सुस्काऱ्याचा अर्थ मी रजयांवरची माया असा लावला.

तासाभरात डबा पुन्हा हलला. या वेळी उतारही नव्हता आणि वेगही आधीपेक्षा कमी होता. बायको म्हणाली, "आता लवकर हलायला लागलाय." मी म्हणालो, "अर्थातच. गुन्हेगाराला कळलंय की आपण त्याच्या मागावर आहोत. तो बिथरलाय."

"कोण गुन्हेगार?"

"तेच शोधतोय."

दुपारी रस्त्याच्या कडेला ट्रकचा मोठा वजनकाटा दिसला. माझं काळीज उचंबळून आलं. कितीतरी दिवसांनी माझ्या खात्याचं काहीतरी समोर आलं होतं. मी गाडी थांबवायला लावली, डबा काट्यावर चढवला, काटेवाल्याशी खात्याच्या भाषेत बोललो (तो "हो का" एवढंच म्हणाला) आणि आकडा वाचला. डब्याला जेवढं वजन चालतं, त्यापेक्षा बराच खाली.

"वजन निर्दोष आहे," मी गाडीत बसत जाहीर केलं. "यापुढे या प्रकरणात वजनाचं नाव कुणी काढायचं नाही."

"पण अहो, एकूण किती ते कळलं. कुठे किती–"

"नाव काढायचं नाही म्हटलं ना!"

बायकोने खिडकीबाहेर पाहिलं. आमच्या संसारात ती खिडकीबाहेर पुष्कळ पाहते.

त्या दिवशी आम्ही सायकलवाल्यांच्या बरोबरीने प्रवास केला. एका शाळेच्या सहलीच्या बसमधून पोरांनी हात हलवले, डब्याने शेपूट हलवून उत्तर दिलं. जिथे मुक्काम करायचा होता तिथे पोचायच्या कितीतरी आधी अंधारलं, म्हणून अलीकडेच थांबलो. आई पुढच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. "उद्या पोचू ना?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "आई, उद्या गुन्हेगार तुमच्या पायाशी आणून टाकतो." त्या म्हणाल्या, "मला गुन्हेगार नको. मला माझी ताई हवी."

शुक्रवारी सकाळी मला लाल ट्रक दिसला.

तो मागून आला, आम्हाला ओलांडून गेला, आणि जाता जाता डबा असा काही हेलकावला की मेहुणीच्या हातातला चहा माझ्या मानेवर आला. थोड्या वेळाने पुन्हा एक लाल ट्रक, पुन्हा हेलकावा. मग आणखी दोनदा. मी नीट पाहिलं. तोच रंग, तीच ताडपत्री, मागे तीच बदकाची खूण.

"हा माणूस आपल्याला परत परत ओलांडतोय," मी कुजबुजलो. "म्हणजे तो पुढे जातो, कुठेतरी लपतो, आपल्याला पुढे जाऊ देतो आणि पुन्हा मागून येतो. नेम धरून डबा हलवतो. त्याला आपण मावशींकडे पोचायला नको आहोत."

"का बरं?" साडूने विचारलं.

"हेतू नंतर सापडतो. आधी माणूस पकडायचा."

एका चहाच्या टपरीपाशी लाल ट्रक उभा दिसला. मी गाडी थांबवायला लावली, गॉगल चढवला आणि बाकावर बसलेल्या ड्रायव्हरसमोर जाऊन उभा राहिलो.

"सकाळपासून चार वेळा!" मी म्हणालो.

तो दचकला. "हो हो, पोट बिघडलंय जरा. पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आम्हाला ओलांडलंत चार वेळा!"

"मी? काका, मी सकाळपासून इथेच आहे. सांगितलं ना, पोट." त्याने रस्त्याकडे बोट दाखवलं. एकामागून एक तीन लाल ट्रक गेले. तिघांवर बदक. "कंपनीचे साठ आहेत."

मी गॉगल काढला. चहा घेतला. गुप्तहेराला कधी माघार घ्यायची ते कळलं पाहिजे, आणि चहा बरा होता.

मी परत आलो तेव्हा बायको म्हणाली, "ट्रक मोठा असतो, जाताना हवा ढकलतो. एरवी डब्याला त्याचं काही वाटलं नसतं. आधीच त्याचा तोल–"

"थांब! तोल!" मी ओरडलो. "तोल कुणाचा गेलाय? जो चालवतोय त्याचा!"

हे बोलायला नको होतं. पण विचारांची साखळी एकदा सुटली की कुत्र्यासारखी पळते. मी साडूकडे वळलो आणि एका दमात सगळं मांडलं. स्टिअरिंग कुणाच्या हातात? त्याच्या. डबा कुणाचा? त्याचा. तोल सांभाळायचं काम कुणाचं? त्याचंच. काल मेहुणीशी त्याची बाचाबाची झाली होती, म्हणजे मन थाऱ्यावर नाही. आणि दुकान बंद ठेवावं लागल्याचा राग मनात धरून तो नकळत, अगदी नकळत, डबा हलवत असणार.

साडूने किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"दादा," तो म्हणाला, आवाज अजिबात न चढवता, "कालपासून मी श्वास रोखून गाडी चालवतोय. प्रत्येक उतारावर वाटतं, हे सगळे माझ्या जिवावर बसलेत. तुम्हाला जमत असेल तर तुम्ही चालवा."

मला गाडी येत नाही. हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. मेहुणी माझ्याकडे अशी बघत होती, की मी माझेच हात तपासले, न जाणो रक्त लागलं असेल. आजवर माझ्या सिद्धांतांनी कुणाचं काही बिघडत नसे. लोक हसत आणि आपापल्या कामाला जात. या वेळी एक भला माणूस रस्त्याच्या कडेच्या दगडावर पाठ करून बसला होता, आणि त्याला तिथे बसवणारा मी होतो.

बऱ्याच वेळाने तो उठला. "डबा इथेच सोडू," म्हणाला. "टपरीवाला लक्ष ठेवेल. नुसत्या गाडीने गेलो तर संध्याकाळी पोचतो. आई, वाटेत थांबून थांबून जाऊ, तुमच्या पाठीला उशी लावू."

आणि इथे आईंनी आम्हाला चकित केलं. "डबा सोडायचा नाही," त्या म्हणाल्या.

"अगं आई, मावशी उद्या सकाळी–" मेहुणी म्हणाली.

"डब्याशिवाय मी जाणार नाही." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

साडू हताशपणे डब्याच्या मानेशी गेला. आईंची समजूत काढायचं काम दोघी लेकींवर सोपवून तो खटका सोडवायला लागला. मी विचार केला, डबा सोडण्याआधी आतून शेवटची पाहणी केलीच पाहिजे. खरं सांगायचं तर कुणाच्या नजरेला नजर द्यावीशी वाटत नव्हती. मी आत शिरलो आणि अगदी मागे, पाण्याच्या कॅनशेजारी जाऊन उभा राहिलो.

बाहेरून साडूचा आवाज आला. "कमाल आहे. एरवी मान खाली दाबून बसलेली असते, आज वरच ओढतेय. खटका निघत नाही. दादा, तुम्ही आत आहात का?"

"तपास चालू आहे!" मी म्हणालो.

त्याच क्षणी खटका निघाला.

लहानपणी बागेतल्या फळीवर एका टोकाला आपण बसलेलो असतो आणि दुसऱ्या टोकाचा मुलगा अचानक उडी मारून पळतो, तसं झालं. डब्याची मान आभाळाकडे गेली आणि शेपूट धाडकन जमिनीवर आपटलं. मी मागच्या भिंतीवर. माझ्या अंगावर कॅन, कॅनवर शेगडीखालची भांडी, आणि बेसिनमधला साबण सगळ्यांत शेवटी, सावकाश. पलंगाची फळी उलटली, मी पेटीत पडलो, रजईत पाय गुरफटला, आणि काहीतरी गार, लोखंडी, जाळीदार माझ्या तळव्याखाली आलं. मी सुटायला धडपडलो तसा तो जाळीदार प्रकार खाली-वर व्हायला लागला आणि कमरेशी एक चाक गरगर फिरू लागलं. खडखड, खडखड, खडखड.

दार उघडलं. मला वाटलं बायको विचारेल, लागलं का. तिने विचारलंही, पण त्याआधी तिने आत एक नजर टाकली आणि म्हणाली, "मागे जड झालंय."

एवढंच. कालपासून तीन वेळा जे वाक्य मी तोडलं होतं, ते तीन शब्दांचं होतं.

"सायकलच्या कॅरिअरवर, पार मागे, दळणाचा डबा बांधला की पुढचं हँडल हलकं होतं आणि सायकल डुलायला लागते," ती म्हणाली. "तसंच हे. वजन चाकांवर आणि थोडं पुढे हवं, म्हणजे मान गाडीवर दाबून बसते. तुम्ही सगळं शेपटावर नेऊन ठेवलंत. आधीच काहीतरी जड होतं, त्यात पाणी, त्यात तुमची ती वजनं. आणि हे खडखडतंय काय?"

मी रजई बाजूला केली. एका रजईच्या आत शिवणाचं मशीन होतं, दुसरीच्या आत त्याचा स्टँड. पायाने चालवायचं, बिडाच्या स्टँडचं, काळंभोर. जुन्या काळचा कापूस.

सुई काढून ठेवलेली होती, म्हणून मी शिवला गेलो नाही.

आई दारापाशी आल्या. दोघी लेकी एकदम म्हणाल्या, "आई! आजीचं मशीन?"

"तिला द्यायला घेतलंय," आई म्हणाल्या. "आमची आई गेली तेव्हा मशीन माझ्याकडे राहिलं. ताईचा त्याच्यावर जीव होता. मी तिला एकदाही विचारलं नाही, आणि ती त्यानंतर आली नाही. आता जातेय तर निदान..." मग पदर सावरून म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलं असतं तर म्हणाला असतात, एवढं धूड कुठे न्यायचं. यांनी वर पाणी ठेवलं तेव्हाच मला वाटलं होतं काहीतरी चुकतंय. पण हे म्हणाले, वजनातलं मला कळतं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेटीतच बसून होतो. त्या क्षणी तीच जागा योग्य वाटली.

मग बायकोने सूत्रं हातात घेतली. पाणी ओतून टाकलं. मशीन साडूने आणि मी उचलून मधे, चाकांच्या बरोबर वर, जमिनीलगत ठेवलं आणि दोरीने शेगडीच्या ओट्याशी घट्ट बांधलं. माझी वजनं पुढे, आईंच्या पलंगाखाली गेली. भांडी, पिशव्या, डबे, जे जड ते मधे आणि खाली, जे हलकं ते मागे. मागच्या पेटीत फक्त रजया राहिल्या, या वेळी खरोखरच्या. साडूने मान उचलून पाहिली. "आता बसतेय खाली," तो म्हणाला, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याचा चेहरा सैल झाला.

मी त्याच्याजवळ गेलो. माफी मागायचा मला सराव नाही, कारण त्यासाठी आधी आपली चूक सापडावी लागते, आणि शोधून काढण्यात मी कसा आहे ते तुम्ही पाहिलंच आहे. "मगाशी जे बोललो," मी म्हणालो, "ते सगळं परत घेतो. तू नसतास तर काल उतारावरच आमचं काहीतरी झालं असतं."

तो दोरीची गाठ आवळत राहिला. "मला राग आला नव्हता, दादा," म्हणाला. "मला वाटलं, खरंच माझंच चुकतंय की काय." हे ऐकून मला जास्त वाईट वाटलं. मी दोरीचं दुसरं टोक धरलं, आणि त्याने सांगितलं तिकडे ओढलं.

डबा सुतासारखा सरळ चालला. लाल ट्रक आले नि गेले. डबा मान हलवल्यासारखं एकदा करायचा, बस्स. साडू शीळ घालत होता. मी मागे, मधे बसलो होतो. पुढची सीट बायकोने घेतली होती आणि तिला कुणी हरकत घेतली नव्हती.

मावशींच्या घरी पोचलो तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. दार मावशींनीच उघडलं. खोलीत बांधलेली खोकी, भिंतींवर उतरवलेल्या तसबिरींचे फिके चौकोन. दोघी बहिणी उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. मावशी म्हणाल्या, "केवढी वाळलीयस." आई म्हणाल्या, "तू कुठे जाड झालीयस." मग दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून उभ्या राहिल्या आणि आम्ही चौघं मशीनचा स्टँड हातात धरून पायरीवर ताटकळलो. खाली ठेवावं तर आवाज होईल, आणि न ठेवावं तर माझी कंबर.

शेवटी मावशींना ते दिसलं. "हे काय आणलंस?"

"आईचं मशीन. तुझं आहे."

मावशींनी डोळे पुसले, मशीनकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. "अगं, मला शिवता कुठे येतं?" त्या म्हणाल्या. "जन्मात कधी बटण लावलं नाही मी. मला हे मशीन कधीच नको होतं. आणि विमानात कुठे घालू?"

"मग तू आली का नाहीस इतकी वर्षं?"

"तू बोलावलं नाहीस."

"मला वाटलं तू रागावलीस."

"मला वाटलं तू रागावलीस!"

मी घसा खाकरला. इथे एक सिद्धांत मांडण्याजोगा होता. बायकोने माझ्या पायावर पाय ठेवला, मशीनच्या स्टँडसकट.

त्या रात्री दोघी बहिणी एका गादीवर झोपल्या. आईंची पाठ दुखली नाही. सकाळी मावशींना निरोप दिला. विमानतळाच्या दारातून आत जाईपर्यंत त्या मागे वळून वळून बहिणीला सांगत होत्या, की औषधं वेळेवर घे, आणि फोन मी करीन, तू करू नकोस, तुला महाग पडेल. आणि मशीन पुन्हा डब्यात, चाकांच्या वर, दोरीने बांधून आमच्याबरोबर परत निघालं.

परतीच्या वाटेवर आई माझ्या शेजारी बसल्या होत्या. एका वळणावर हळूच म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही एवढे शोध लावता. आम्ही दोघी इतकी वर्षं का बोललो नाही, ते शोधून द्या की मला."

मी सरसावून बसलो. सवयीने तीन कारणं तोंडाशी आली होती, आणि तिन्ही एकमेकांपेक्षा भारी. आईंनी माझ्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती त्या नजरेत. त्यांना खरंच हवं होतं.

"आई," मी म्हणालो, "मला नाही सापडत."

"मलाही नाही सापडत," त्या म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपी गेल्या. पुढचा सगळा रस्ता मी खांदा हलू दिला नाही.